वस्तू, काळ आणि वाट : दिल्लीतील संग्रहालयांच्या मांडणीची चिकित्सा

गोषवारा

देशाच्या राजधानीत कला, इतिहास आणि संस्कृती यांची संग्रहालये स्वतंत्र इमारतींत, स्वतंत्र व्यवस्थांखाली उभी आहेत. ही विभागणी वस्तूंच्या स्वभावातून आलेली नसून ती प्रशासकीय सोयीतून व राष्ट्राविषयीच्या विशिष्ट कल्पनेतून आलेली आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आणि काही स्मृतिस्थळे यांच्या आधारे काळ, कर्त्याचे नाव आणि वस्तूची वाट या तीन बाबी कोठे सांगितल्या जातात व कोठे वगळल्या जातात, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : वस्तुसंग्रहालय, मांडणी, नामफलक, कालक्रम, अनामिक कलावंत, स्मृतिस्थळ.

प्रस्तावना

मराठीत म्युझियमला पूर्वी 'अजबखाना' म्हणत. पुढे 'पदार्थसंग्रहालय', 'वस्तुसंग्रहालय' असे शब्द रूढ झाले. हा केवळ शब्दाचा बदल नाही. अजबखान्यात पाहणाऱ्याचे आश्चर्य प्रधान असते. संग्रहालयात संग्रह करणाऱ्याचा हेतू प्रधान असतो. एखादी वस्तू 'संग्रहित' झाली याचा अर्थ ती कोणी तरी, कोठून तरी, काही एका कारणाने आणली. आश्चर्य ओसरल्यावर हा प्रश्न उरतो आणि संग्रहालयाच्या समीक्षेचा आरंभही येथूनच होतो.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दिल्लीस जातात. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, राष्ट्रपती भवनाचा परिसर आणि आग्र्याकडे प्रयाण अशा धावत्या कार्यक्रमात संग्रहालयाच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. विद्यार्थी दालनांमागून दालने ओलांडतात, मोजक्या वस्तूंपुढे थांबतात आणि बाहेर पडतात. या घाईस विद्यार्थ्यांची उदासीनता कारण आहे, असे सहसा मानले जाते. वस्तुतः संग्रहालय कसे वाचावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. ग्रंथाची समीक्षा अभ्यासक्रमात असते. मांडणीची समीक्षा नसते. मांडणीही संहितेप्रमाणेच रचलेली असते. तिच्यात क्रम असतो, निवड असते, मौने असतात.

दक्षिण आशियातील संग्रहालयांविषयी अलीकडच्या काळात गंभीर अभ्यास झाला आहे. सलोनी माथुर व कविता सिंह यांनी संपादित केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाचे 'नो टचिंग, नो स्पिटिंग, नो प्रेयिंग' हे शीर्षकच बोलके आहे. स्पर्श करू नये, थुंकू नये, प्रार्थना करू नये, हे तीन निषेध संग्रहालयाला हवा असलेला प्रेक्षक कसा असावा ते सांगतात. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र प्रेक्षकाला घातलेल्या निषेधांवर नसून, वस्तूविषयी जे सांगायचे राहून जाते त्यावर आहे.

राष्ट्रीय संग्रहालय : कालक्रमाची सत्ता

राष्ट्रीय संग्रहालयाचा जन्म दिल्लीत नव्हे, लंडनमध्ये झाला असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरणार नाही. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीने बर्लिंग्टन हाऊस येथे भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरविले होते. त्यासाठी भारतातील निरनिराळी संग्रहालये, संस्थाने व खाजगी संग्राहक यांच्याकडून वस्तू मागविण्यात आल्या. त्या परतल्यावर दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या, म्हणजे तत्कालीन गव्हर्नमेंट हाऊसच्या, दालनांत मांडण्यात आल्या आणि या संग्रहाच्या आधारावर १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जनपथावरील वास्तूची कोनशिला १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी बसविली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी तिचे उद्घाटन केले. वस्तू परदेशात पाठविण्यासाठी म्हणून एकत्र आल्या आणि एकत्र आल्या म्हणून राष्ट्राच्या झाल्या, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक वस्तूला त्याआधी एक प्रांत होता, एक गाव होते. दिल्लीत आल्यावर ती 'भारतीय' झाली.

या भारतीयत्वाची मुख्य मांडणी कालक्रमाची आहे. हडप्पा, मौर्य, शुंग, कुषाण, गुप्त, मध्ययुग असा क्रम शिल्पांच्या दालनांतून उलगडत जातो. हा क्रम शिकण्यास सोयीचा आहे, यात शंका नाही; इतिहासाच्या अध्यापकाला तो पाठ्यपुस्तकाचा सगुण अवतारच वाटेल. तथापि सोय आणि सत्य यांत अंतर असते. दगडी व धातूच्या मूर्तींमधून चालणारी ही कथा मध्ययुगाच्या उंबरठ्याशी येऊन मंदावते. लघुचित्रे, हस्तलिखिते, नाणी, शस्त्रे, वस्त्रे ही स्वतंत्र दालनांत जातात. परिणामी सुलतानशाही, मुघल, दख्खनी आणि मराठा काळ हे 'युग' म्हणून पाहणाऱ्याच्या मनावर ठसत नाहीत. ते चित्रांचे, हत्यारांचे, कापडाचे प्रकार म्हणून ठसतात. ज्या शतकांत मराठी भाषेतील संतवाङ्मय बहरले आणि स्वराज्य उभे राहिले, त्या शतकांना या कथेत सलग प्रकरण मिळत नाही. माध्यमानुसार वर्गीकरण केले, हा तांत्रिक निर्णय होय. परंतु त्यातून निघणारा अर्थ तांत्रिक राहत नाही.

नामफलकाचे सामर्थ्य किती असते, याचे उत्तम उदाहरण मोहेंजोदडो येथील कांस्यमूर्ती होय. १९२६ मध्ये उत्खननात सापडलेली, सुमारे साडेदहा सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती 'नर्तकी' या नावाने सर्वपरिचित आहे. कमरेवर हात, बांगड्यांनी भरलेला दुसरा हात, किंचित मागे कललेली मान एवढेच प्रत्यक्ष दिसते. ती नृत्य करीत आहे, असे सांगणारा कोणताही पुरावा मूर्तीत नाही. विसाव्या शतकातील उत्खननकर्त्यांना तिच्या ऐटीत नर्तकी दिसली आणि फलकावर ते नाव कायम झाले. आता तिच्यासमोर उभा राहणारा विद्यार्थी आधी नाव वाचतो व मग मूर्ती पाहतो. पाहण्यापूर्वीच त्याचे पाहणे ठरलेले असते.

याच दालनातील दागिन्यांची कथा अधिक बोलकी आहे. फाळणीनंतर सिंधू संस्कृतीची स्थळे पाकिस्तानात गेली. मात्र मोहेंजोदडोच्या अनेक वस्तू त्या वेळी दिल्लीत होत्या. भारत व पाकिस्तान यांच्यात त्यांची वाटणी झाली. ती करताना सोन्याच्या व मौल्यवान दगडांच्या काही माळा ओवणीतून सोडविण्यात आल्या आणि त्यांचे मणी दोन राष्ट्रांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. 'नर्तकी' भारतात राहिली. 'पुरोहित राजा' म्हणून ओळखले जाणारे शिल्प कराचीत आहे. चार सहस्रकांहून अधिक काळ मातीखाली अखंड राहिलेली माळ उत्खननानंतर पाव शतकाच्या आतच तुटली. काचेआड ठेवलेले मणी हडप्पाकालीन आहेत, हे खरे. परंतु त्यांची आजची संख्या १९४७ नंतरची आहे. फलकावर काळ लिहिताना यांपैकी कोणता काळ लिहावा? मांडणी पहिला काळ निवडते आणि दुसरा गाळते. वस्तूचे जन्मवर्ष सांगायचे आणि तिची वाट सांगायची नाही, ही कालक्रमाच्या सत्तेची खूण आहे.

जयपूर हाऊस आणि हस्तकला संग्रहालय : एका हाताची दोन घरे

इंडिया गेटजवळील जयपूर हाऊस या पूर्वीच्या राजनिवासात १९५४ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. जर्मन कलेतिहासकार हर्मन गोएट्झ हे त्याचे पहिले अभिरक्षक. २००९ मध्ये संग्रहालयास नवी विस्तारित वास्तू जोडण्यात आली. येथील मांडणीचा आधार कालक्रमापेक्षा स्वाक्षरी हा आहे. राजा रविवर्मा, अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल या नावांभोवती भिंती रचल्या जातात. राष्ट्रीय संग्रहालयात राजवंशाचे नाव असते; येथे व्यक्तीचे नाव असते. आधुनिकतेचा अर्थच येथे 'कर्ता ज्ञात असणे' असा होऊन बसतो.

येथून फार लांब नसलेल्या प्रगती मैदानाच्या परिसरात राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी उभारलेले ग्रामसंकुल त्याच्या आवारात आहे. संग्रहालयाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. मातीच्या भिंती, अंगणे, उघडे चौक यांतून फिरताना पाहणाऱ्यावरील दडपण कमी होते. कारागिरांना बोलावून त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेण्याची प्रथा या संग्रहालयाने पाडली, ही त्याची मोठी देणगी होय. परंतु येथील वस्तूंना बहुधा ना निश्चित काळ असतो, ना कर्त्याचे नाव. असतो तो प्रदेश व जमात यांचा उल्लेख.

ही दोन्ही संग्रहालये एकाच दिवशी पाहिली असता जी विसंगती जाणवते, ती एकेक पाहून जाणवत नाही. जामिनी रॉय यांनी पाश्चात्त्य धर्तीचे शिक्षण घेतल्यानंतर बंगालच्या पटचित्रांकडे आणि कालीघाटच्या चित्रांकडे वळून आपली शैली घडविली. त्या शैलीला जयपूर हाऊसमध्ये मानाचे स्थान आहे आणि ते रास्तच आहे. मात्र ज्या पटुआ चित्रकारांकडून ती रेषा आली, त्यांच्या परंपरेचे घर 'हस्तकला' या सदराखाली आहे. तीच रेषा एका घरात 'कला' आणि दुसऱ्या घरात 'कारागिरी' ठरते. अमृता शेरगिल यांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. दक्षिणेच्या प्रवासात अजिंठा पाहिल्यानंतर त्यांनी १९३७ मध्ये 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' आणि 'साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट' ही चित्रे रंगविली. त्यांतील सावळ्या देहांची स्थिरता आणि रंगांची दाट, मातकट घडण अजिंठ्याच्या भिंतींशी नाते सांगते. औरंगाबादकडून दिल्लीस गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे नाते ओळखीचे वाटले पाहिजे. पण अजिंठ्याचे चित्रकार अनाम आहेत आणि स्वाक्षरीवर आधारलेल्या संग्रहालयात अनामिकांना जागा नसते.

हस्तकला संग्रहालयातील एका भिंतीची कथा या संदर्भात तपशिलाने पाहण्याजोगी आहे. मिथिलेतील ख्यातनाम चित्रकर्त्री गंगादेवी यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात, दुर्धर आजारपणात, या संग्रहालयाच्या भिंतींवर 'कोहबर घर' रंगविले होते. कोहबर म्हणजे नवदांपत्याची खोली. तिच्या भिंतींवर घरच्या स्त्रिया कमळ, बांबू, मासे, पक्षी अशी सुफलनाची चिन्हे काढतात. गंगादेवी १९९१ मध्ये निवर्तल्या. २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात ही भित्तिचित्रे नष्ट झाल्याचे उघडकीस आले आणि कलाजगतातून तीव्र प्रतिक्रिया उमटली.

या घटनेकडे केवळ हलगर्जीपणा म्हणून पाहिल्यास तिच्यातील मूळ प्रश्न हातून निसटतो. कोहबर असो की आपल्याकडील वारल्यांचा लग्नचौक असो, ही चित्रे टिकविण्यासाठी काढलीच जात नाहीत. लग्न येते, भिंत सारवली जाते, तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, धवलेरी गाते. पुढील लग्नासाठी भिंत पुन्हा सारवली जाते. तेथे पुसणे हा जगण्याच्या चक्राचा भाग आहे, कारण लिहिणारे हात घरातच असतात. संग्रहालयाने भिंत पुसली तेव्हा मात्र पुन्हा लिहिणारे हात उरले नव्हते. चित्र अल्पजीवी असल्याचे कारण येथे देता येत नाही. कारण संग्रहालयाच्या भिंतीवर आल्यावर ते चक्राबाहेर पडले होते आणि त्याला नाव मिळाले होते. शंका अशी येते की, त्याच भिंतीवर जयपूर हाऊसमधील एखाद्या स्वाक्षरीवंताचे चित्र असते तर नूतनीकरणापूर्वी कोणी तरी थांबून विचारले असते. 'हस्तकला' हे सदर वस्तूला केवळ वेगळे घर देत नाही. ते तिचे संरक्षणमूल्यही ठरविते.

मिथिला आणि वारली या दोन परंपरा एकत्र आठवण्यास आणखी एक कारण आहे. भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळाच्या काळात मधुबनी परिसरात स्त्रियांना कागद देऊन भिंतीवरील चित्रे कागदावर उतरविण्यास प्रवृत्त केले. पुढे त्यांनीच वारली चित्रकलेकडे व जिव्या सोमा मशे यांच्याकडे लक्ष वेधले. भिंतीवरून कागदावर येण्याचा हा प्रवास दुष्काळाने आणि सरकारी योजनेने सुरू झाला. त्यातून नवे कलावंत पुढे आले, त्यांची नावे झाली. त्याच वेळी, विशेषतः वारल्यांत, स्त्रियांच्या हातातील विधिचित्र पुरुषांच्या हातातील विक्रीचित्र होऊ लागले. एवढा गुंतागुंतीचा इतिहास 'पारंपरिक लोकचित्र' या दोन शब्दांच्या फलकात मावत नाही.

अस्थी आणि काचपेटी

राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वस्तूंपैकी एक वस्तू मात्र 'प्रार्थना करू नये' या निषेधाला जुमानीत नाही. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने स्तूप खणला; पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात तेथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या अस्थी भगवान बुद्धांच्या मानल्या जातात व त्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांच्यापुढे अनेक जण पादत्राणे काढून हात जोडतात. याच अस्थी २०१२ मध्ये श्रीलंकेत आणि २०२२ मध्ये मंगोलियात दर्शनासाठी नेण्यात आल्या. म्हणजे संग्रहालयात जी वस्तू 'पुरावशेष' आहे, ती सीमा ओलांडताच 'पवित्र धातू' होते; आणि हे स्थित्यंतर शासनच घडविते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेचा वारसा असलेला महाराष्ट्रातील प्रेक्षक येथे येतो तेव्हा तो अभ्यासक म्हणून येतो की उपासक म्हणून? वास्तविक दोन्ही म्हणून. या दोन भूमिकांत विरोध मानण्याची सवय संग्रहालयाने लावली आहे, वस्तूने नव्हे. पेपे कुटुंबाकडे राहिलेली पिप्रहवा येथील रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावात निघणार होती. भारत सरकारने आक्षेप घेतल्यावर लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली. अस्थींबरोबर अर्पण केलेली रत्ने विकता येतात काय, हा त्या वादातील नैतिक प्रश्न होता. तो प्रश्न विचारताना शासनाने भक्ताची भाषा वापरली. तीच भाषा काचपेटीजवळील फलकावरही आली, तर पाहणाऱ्याचे ज्ञान कमी न होता वाढेल.

स्मृतिस्थळे : जागा एकीकडे, वस्तू दुसरीकडे

कला आणि पुरातत्त्व यांच्याप्रमाणेच आधुनिक इतिहासाचीही संग्रहालये दिल्लीत आहेत. त्यांतील काही व्यक्तींच्या निवासस्थानांत वा त्यांच्या जागी उभी आहेत. महात्मा गांधींनी आयुष्यातील अखेरचे १४४ दिवस ज्या बिर्ला हाऊसमध्ये घालविले आणि ३० जानेवारी १९४८ रोजी जेथे त्यांची हत्या झाली, ते स्थान 'गांधी स्मृती' म्हणून १९७३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. खोलीपासून प्रार्थनास्थळापर्यंत त्यांची अखेरची पावले दगडी ठशांनी दाखविली आहेत. दिल्लीतील कोणत्याही संग्रहालयात याहून प्रभावी मांडणी क्वचितच आढळेल. कारण येथे अक्षरशः वाटच प्रदर्शित केली आहे. परंतु ती वाट एकाच बाजूची आहे. समोरून आलेला मारेकरी पुण्याहून आला होता. मराठी प्रेक्षकाला ही पावले परकी नाहीत आणि ती पाहताना येणारी अस्वस्थता टाळून पुढे जाणे त्याला शोभणारे नाही.

हत्येशी निगडित वस्तू मात्र राजघाटासमोरील राष्ट्रीय गांधी संग्रहालयात आहेत. जागा एका ठिकाणी, रक्ताळलेले वस्त्र दुसऱ्या ठिकाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हे अंतर शेकडो किलोमीटरचे होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण जेथे झाले, त्या २६, अलीपूर रोड येथे १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. उघड्या ग्रंथाच्या आकाराची ही वास्तू संविधानाची आठवण देते. मूळ बंगला तेथे नाही. दृक्श्राव्य साधने, प्रतिकृती, पुतळे आहेत. बाबासाहेबांचे टंकलेखनयंत्र, कपडे व नित्य वापरातील अनेक वस्तू नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवनात कार्यकर्त्यांनी जपल्या. राजधानीत भव्य वास्तू आहे पण वस्तू नाहीत. खेड्यात वस्तू आहेत पण भव्यता नाही. संग्रहालयाचे मोल वास्तूने ठरते की वस्तूने, असा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यास याहून योग्य उदाहरण मिळणार नाही. येथे दिल्लीने चिचोलीकडून वस्तू मागून घ्याव्यात, असे सुचवावयाचे नाही. चिचोलीचे नाव व तेथील संग्रहाची वार्ता दिल्लीच्या भिंतीवर ठळकपणे असावी, एवढीच अपेक्षा आहे.

वाट सांगणारी मांडणी

वस्तूची वाट सांगता येते आणि ती सांगितल्याने संग्रहालयाचे काही बिघडत नाही, हे दिल्लीतच दोन ठिकाणी दिसून येते. काश्मिरी गेट परिसरातील दारा शुकोह ग्रंथालयाच्या जुन्या वास्तूत २०२३ मध्ये फाळणी संग्रहालय सुरू झाले. निर्वासित कुटुंबांनी सोबत आणलेल्या घरगुती वस्तू आणि त्यांच्या आठवणी यांवर त्याची मांडणी आधारलेली आहे. त्या वस्तूंना बाजारमूल्य नाही, कलामूल्यही बेताचे. परंतु त्या कोणी, कोठून, कशा आणल्या हे सांगितलेले असल्याने त्या बोलतात. मोहेंजोदडोची माळही फाळणीतच तुटली. ती माळ आणि ही निर्वासितांची भांडी एकाच घटनेची साक्ष देतात. पण एकीकडे ती घटना फलकावर आहे व दुसरीकडे फलकाबाहेर.

दुसरे उदाहरण पुराना किल्ल्याचे. चोरीस गेलेल्या, जप्त केलेल्या आणि परदेशांतून परत आणलेल्या पुरावस्तूंचे दालन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१९ मध्ये तेथे उघडले. येथे वस्तूची चोरी आणि परतीची वाट हाच मांडणीचा विषय आहे. अर्थात यातही एक सोयीस्करपणा आहे. तस्कराने नेलेली मूर्ती कोठून गेली ते आपण सांगतो. शासनाने, संस्थानिकाने वा उत्खननकर्त्याने आणलेली मूर्ती कोठून आली ते मात्र तितक्या आवर्जून सांगत नाही. देवळातून उचललेली मूर्ती चोराच्या हाती लागली तर अपहृत आणि संग्राहकाच्या हाती लागली तर संग्रहित, हा भेद कायद्याच्या दृष्टीने आवश्यक आहे. ज्या गावच्या गाभाऱ्यातील जागा रिकामी झाली, त्या गावाला तो तितका स्पष्ट दिसेलच असे नाही.

स्थलांतराच्या उंबरठ्यावर

हा विचार आजच करण्यास कारण आहे. नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक या सचिवालयांच्या वास्तूंत 'युगे युगीन भारत' हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. सुमारे १ लाख १७ हजार चौरस मीटर क्षेत्र आणि ९५० दालने असा त्याचा नियोजित विस्तार सांगण्यात आला. या प्रकल्पासाठी डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या संग्रहालयविषयक संस्थेशी करारही झाला. जनपथावरील संग्रह नव्या वास्तूत नेण्याची ही योजना आहे. वास्तूंचा पालट सोपा नसतो. परंतु त्याहून अवघड असतो तो मांडणीचा पालट. दालने वाढली आणि क्रम तोच राहिला, तर नर्तकी नर्तकीच राहील, माळ अर्धीच राहील आणि पटुआची रेषा परक्या घरातच राहील. ज्या वास्तूंतून देशाचा कारभार चालला, त्याच वास्तूंत देशाचा इतिहास मांडला जाणार असेल, तर राज्य आणि इतिहास यांतील अंतर राखण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

स्थलांतराच्या निमित्ताने प्रत्येक वस्तू हातात घेतली जाते, मोजली जाते, नोंदवहीत पुन्हा लिहिली जाते. वस्तूची वाट फलकावर आणण्याची अशी संधी पिढ्यांतून एकदाच येते. 'मोहेंजोदडो, कांस्य, इसवी सनापूर्वी सुमारे २५००' या ओळीखाली 'उत्खनन १९२६, वाटणी फाळणीनंतर' अशी आणखी एक ओळ लिहिण्यास फारसा खर्च येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दिल्लीतील कला, इतिहास व संस्कृती यांच्या संग्रहालयांतील विभागणी ही वस्तुनिष्ठ नसून व्यवस्थानिष्ठ आहे. राष्ट्रीय संग्रहालय काळ सांगते, आधुनिक कला संग्रहालय नाव सांगते, हस्तकला संग्रहालय प्रदेश सांगते. वस्तूची वाट यांपैकी कोणतेही पुरेशी सांगत नाही.

२) सदर बदलले की वस्तूची प्रतिष्ठा बदलते व प्रतिष्ठेनुसार तिचे रक्षण होते, हे गंगादेवींच्या भित्तिचित्रांच्या नाशावरून दिसते.

३) अभ्यासक आणि उपासक, जागा आणि वस्तू, राजधानी आणि खेडे यांतील दरी मांडणीने निर्माण केलेली आहे, म्हणून ती मांडणीनेच भरून काढता येईल.

४) महाविद्यालयीन सहलींत संग्रहालय हे 'पाहण्याचे स्थळ' न राहता 'वाचण्याची संहिता' व्हावयाचे असेल, तर अनेक दालने ओझरती पाहण्यापेक्षा दोन संग्रहालयांतील मोजक्या वस्तू शेजारी ठेवून पाहणे अधिक फलदायी ठरेल. जामिनी रॉय यांचे चित्र व बंगालचे पटचित्र, हडप्पाचे मणी व निर्वासितांच्या वस्तू, अलीपूर रोडचे स्मारक व चिचोलीचा संग्रह अशा जोड्या अध्यापकाने आधी नेमून द्याव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एका वस्तूसंबंधी तीनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ही कोणी केली, कोठून आली, आणि ती जेथून आली तेथे आता काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत मिळणार नाही. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्याला आपल्या गावातील देवळाच्या आवारात उघड्यावर पडलेल्या वीरगळापर्यंत, सारवलेल्या भिंतीपर्यंत परत यावे लागेल. राजधानीतील संग्रहालयाने त्याला तेथवर आणून सोडले, तर शैक्षणिक सहलीचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.